आमचे हुरडेवाले भाऊजी

आमच्या धाकट्या दिरांइतका पाहुण्यांना वैतागलेला आणि तरीही दर शनिवार-रविवारी गाड्या भरभरून पाहुणे दारात उभे करणारा माणूस अमेरिकेतल्या साऱ्या जॉर्जियात दुसरा सापडणार नाही. माझा मुलगा अटलांटाजवळ अल्फारेटात राहतो, मीही आता त्याच्याकडेच असते. त्याच्या घरून दीड तास गाडीने गेलं की लाल मातीचा रस्ता लागतो आणि त्या रस्त्याच्या टोकाला भाऊजींचं शेत. त्याला फार्म म्हटलेलं त्यांना चालतं. फार्महाउस म्हटलं की चेहरा पडतो. आणि हुरडा पार्टीची जागा म्हटलं तर तो माणूस त्यांच्या मनातून कायमचा उतरतो. मंडळाच्या गणपतीत एका गृहस्थांनी लांबून हात केला, "काय, तुम्ही ते हुरडेवाले ना?" भाऊजी म्हणाले, "मी शेतकरी आहे." गृहस्थ हसले, "हो हो, तेच ते." भाऊजी म्हणाले, "तेच ते नाही," आणि प्रसादाचा द्रोण हातात तसाच धरून नांगरणीपासून त्या गृहस्थांना सांगायला बसले. गृहस्थांची बायको दोनदा बोलावून गेली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा भाऊजी नुकते कुठे खुरपणीपर्यंत पोचले होते. मी बाजूला उभी राहून जमिनीकडे बघत होते, कारण मला अशा वेळी दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नाही.

आता खरं सांगायचं तर आमच्या घरात शेतकरी होते ते माझे यजमान. भाऊजी शिकले. बार्शीकडच्या आमच्या गावी पेरणीच्या दिवसांत भाऊजींच्या परीक्षा असायच्या आणि परीक्षा नसायची तेव्हा यांचं पोट दुखायचं. थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या यजमानांनी, कधी बोल लावला नाही. ते म्हणायचे, त्याचं डोकं चालतंय ना, मग त्याचे हात कशाला मळवायचे. मग पुणे झालं, अमेरिका झाली, अटलांटाच्या ऑफिसात संगणकापुढे बसून केस पिकले. यजमान गेल्याची बातमी कळली तेव्हा भाऊजी आले, चौदा दिवस राहिले, रोज सकाळी एकटेच शेतात जाऊन बांधावर बसायचे. परत गेले आणि वर्षाच्या आत नोकरी सोडून जमीन घेतली. मला फोनवर म्हणाले, "वहिनी, शेवटी रक्तात असतं ते." कोणाच्या रक्तात काय आहे ते मला चांगलं ठाऊक होतं, पण मी "हं" म्हटलं. मी फोनवर बहुतेक वेळा "हं"च म्हणते.

सुरुवातीला त्यांनी भेंडी, वांगी, मिरच्या लावल्या. भेंडी अशी माजली की इंडियन स्टोअरवाला म्हणाला, "काका, ही भेंडी आहे की बॅट?" उरलेलं हरणांनी खाल्लं. शेत हातचं जायची वेळ आली तेव्हा आमच्या जाऊबाईंनी डोकं लढवलं. ती पुण्याची, हुशार आणि दमाची. तिने ज्वारी लावायला लावली आणि हुरड्याचं आमंत्रण सगळीकडे पाठवलं. बस, त्या दिवसापासून शेत उभं आहे ते हुरड्यावर. अटलांटाभोवतीची सगळी मराठी माणसं कोवळ्या ज्वारीसाठी अशी आसुसलेली होती, हे मला येऊन बघेपर्यंत खरं वाटलं नव्हतं. जाऊ माणसं सांभाळते, भाऊजी शेत सांभाळतात आणि भांडायला दोघं स्वयंपाकघरात भेटतात. हंगामाच्या दिवसांत मुलगा मला तिथे नेऊन सोडतो. चटण्या, पिठलं, भाकरी माझ्याकडे. मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरलं की मला कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते बरं पडतं.

भाऊजींचा पहिला हट्ट ट्रॅक्टरचा. पाहुण्यांना ट्रॉलीत बसवून शेतातून एक फेरी मारायची असते. इथल्या सगळ्याच फार्मवर तशी पद्धत आहे. भाऊजी म्हणतात, "शेतात ट्रॅक्टर उगाच फिरवत नाहीत." त्यामुळे प्रत्येक फेरीला ट्रॉलीतून काहीतरी वाहून न्यायचं असतंच. कधी सरपण, कधी कुंपणाचे खांब आणि बहुतेक वेळा शेणखताची पोती. पाहुणे त्या पोत्यांवर बसतात. एकदा एक बाई नऊवारी नेसून, नथ घालून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, ह्याला वास येतोय." भाऊजी मागे वळून म्हणाले, "येणारच. तीन महिने कुजवलंय." त्यात त्यांना इतका आनंद झाला होता की बाईंचा चेहरा त्यांना दिसलाच नाही. फेरी संपल्यावर जाऊ म्हणाली, "अहो, लोक एक्स्पीरियन्स घ्यायला येतात. खत उतरवायला नाही येत." भाऊजी म्हणाले, "त्यांना उतरवायला कुठे सांगितलं? फक्त धरून बसा म्हटलं."

दुसरा हट्ट कपड्यांचा. भाऊजी शेतात हाफ पँट, घोट्यापर्यंतचे बूट आणि बियाणं विकणाऱ्या दुकानात फुकट मिळालेली टोपी घालतात. लोकांना ते पसंत पडत नाही. त्यांना धोतर हवं, पैरण हवी, फेटा हवा. जाऊने गावाहून सगळं मागवलं, इस्त्री करून पलंगावर ठेवलं. भाऊजींनी दोन आठवडे त्या कपड्यांकडे बघितलं नाही. तिसऱ्या शनिवारी निमूट घातले. आम्हाला वाटलं, चला, सुटलो. तर हे आवारात मधोमध खुर्ची टाकून बसले ते उठेनातच. ट्रॅक्टर चालवायला कोणी नाही, कणसं कापायला कोणी नाही. जाऊ धावत आली, "अहो, लोक खोळंबलेत." हे समोर बघत म्हणाले, "फेटा बांधल्यावर मी पुतळा आहे. पुतळे काम करत नाहीत." दिवसभर लोक शेजारी उभे राहून फोटो काढून गेले. कुणाच्याच लक्षात आलं नाही की हा माणूस रागावलाय, उलट दोघातिघांनी जाऊला सांगितलं, "काकांचं अ‍ॅक्टिंग एकदम नॅचरल आहे हं." पुढच्या शनिवारी हाफ पँट परत आली आणि तो विषय बंद झाला.

मुलांना मात्र ते रागवू शकत नाहीत. इथे जन्मलेली मुलं, मनात येईल ते विचारतात. एक मुलगी, असेल सात-आठ वर्षांची, कापणी चालू असताना यांच्या मागे मागे फिरत होती. तिने विचारलं, "अंकल, आर यू द रिअल फार्मर?" भाऊजी म्हणाले, "येस." ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "बट यू हॅव अ डिशवॉशर." तिने स्वयंपाकघरात डोकावलं असणार. भाऊजी विळा घेऊन पुढच्या ओळीकडे वळले. रात्री जेवताना म्हणाले, "वहिनी, डिशवॉशर काढून टाकला तर?" मी म्हटलं, "मग एवढ्या लोकांची भांडी कोण घासणार?" ते म्हणाले, "तेही आहेच." असा हा माणूस. याच्यावर चिडावं तरी किती.

मला स्वतःला त्यांचं दुखणं थोडं उशिराच कळलं. हुरडा भाजायला आगटी लागते, आगटीला गोवऱ्या लागतात. म्हणून मी शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्याकडच्या गाईंचं शेण आणून गोवऱ्या थापत असे. त्याला आधी वाटलं, आम्ही भिंत सारवतोय की काय. नंतर तो स्वतःच बादली भरून आणून ठेवायला लागला. एका शनिवारी मी शेडमागे थापत बसले होते. मान वर केली तर चार-पाच जणी फोन धरून उभ्या. एक म्हणाली, "मावशी, थांबू नका ना, मस्त चाललंय." मी पदर पुढे ओढला आणि थापत राहिले, पण हाताला ती लय राहिली नाही. आयुष्यभर केलेलं काम, पण बोटं कशी ठेवावीत तेच आठवेना. गोवरी गोल येतेय का, हे मी कधी बघितलं नव्हतं; त्या दिवशी बघायला लागले. संध्याकाळी भाऊजींना म्हटलं, "आज गोवऱ्या बिघडल्या." ते म्हणाले, "बघत होते ना कोणीतरी?" त्यांनी ते इतक्या चटकन ओळखलं याचंच मला नवल वाटलं.

तो गोरा शेतकरी भाऊजींचा एकुलता एक मित्र. त्याची जमीन पणज्यापासून त्याच्याच घराण्यात आहे. पूर्वी कापूस आणि भुईमूग असायचा. आता मक्याच्या शेतात वाकड्यातिकड्या वाटा कापून लोकांना त्यात हरवू देतो आणि लाल भोपळे लावतो. सोमवारी सकाळी दोघं त्याच्या गाडीच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसतात आणि गेलेल्या दोन दिवसांना नावं ठेवतात. एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा तो इंग्रजीत काहीतरी बोलला आणि भाऊजींनी मान डोलावली. काय म्हणाला म्हणून मी नंतर विचारलं. भाऊजी म्हणाले, "तो म्हणतो, सोमवार ते शुक्रवार मी शेतकरी असतो. शनिवारी मला शेतकऱ्यासारखं दिसावं लागतं. आणि माझे भोपळे कुणी खात नाही. हॅलोवीनला डोळे कोरतात, दिवा लावतात आणि फेकतात." मी म्हटलं, "तुमचा हुरडा तरी खातात." तिथेच माझं चुकलं. त्यांचं सगळं दुःख त्या हुरड्यातच होतं, आणि मी नेमकं त्यावर बोट ठेवलं.

हुरडा म्हणजे कोवळी ज्वारी. दाणा भरला पण वाळला नाही, असे थोडेच दिवस मिळतात. त्याच्या आधी नुसतं दूध, त्याच्यानंतर कडक. म्हणून जाऊने हिशेबाने पेरायला लावलेलं: एक तुकडा आज, एक आठवड्याने, एक त्याच्या पुढच्या आठवड्याने, म्हणजे दर शनिवारी एकेक तुकडा कोवळा मिळायला हवा. आणि दर शनिवारी तो तुकडा कापून, भाजून, चटणीबरोबर संपायचा. भाऊजी म्हणाले, "वहिनी, मी इतकी वर्षं ज्वारी पेरतोय आणि माझ्या शेतात एक कणीस पिकलेलं मी पाहिलं नाही. काढणी नाही, मळणी नाही, पोतं नाही. हा कसला शेतकरी?" मी नेहमीप्रमाणे "हं" म्हटलं. पण त्यांनी मनाशी ठरवलं होतं. गेल्या हंगामात त्यांनी ओढ्याच्या कडेला एक पट्टा वेगळा पेरला आणि जाहीर केलं की हा कुणी तोडायचा नाही. हा पिकणार, वाळणार आणि मगच कापायचा. जाऊ म्हणाली, "ठीक आहे, तेवढा तुमचा हट्ट समजू." तिने तो शब्दही पाळला. मधे एका शनिवारी पाहुणे जास्त आले आणि हुरडा कमी पडला, तेव्हा तिने गोऱ्या शेजाऱ्याकडचा मका आणून भाजला, पण पट्ट्याकडे विळा नेऊ दिला नाही.

तो पट्टा वाचवायचा होता तो पाखरांपासून. आणि इथे भाऊजींनी स्वतःच्या पायात स्वतःच खोडा घालून घेतला.

त्यांनी पट्ट्याशेजारी बांबू आणि फळ्यांचा माळा उभारला होता, दोरीची गोफण विणली होती, लाल मातीचे गोळे वाळवून ठेवले होते. गोफण त्यांना खरंच चांगली येते. कशी कोण जाणे, पण येते. जाऊने ते बघितलं आणि फाटकाजवळच्या पाटीवर लिहून टाकलं: दुपारी चार वाजता गोफण. भाऊजींनी सुरुवातीला ते चालवून घेतलं. एका पाहुण्याने हट्टाने गोफण मागून घेतली आणि गोळा पुढे जायच्या ऐवजी मागे येऊन माझ्या दह्याच्या पातेल्यात पडला, तेव्हाही ते हसले. पण एका रविवारी चार वाजता पट्ट्यावर खरंच पाखरं उतरली. इथे त्या दिवसांत काळ्या पाखरांचे मोठाले थवे फिरतात. भाऊजी माळ्यावर चढले, गोफण फिरवली, आरोळी दिली. खालून एक तरुण म्हणाला, "काका, जरा आमच्याकडे तोंड करून ओरडता का? पाठमोरे येताय." भाऊजी म्हणाले, "पाखरं तिकडे आहेत." तो म्हणाला, "हो, पण लाइट इकडे आहे. एकदाच, यार, प्लीज."

भाऊजी खाली उतरले. गोफण गुंडाळून खिशात घातली आणि म्हणाले, "लोकांसमोर मी पाखरं हाकणार नाही."

आम्हाला वाटलं, एक दिवसाचा राग आहे. पण नाही. सोमवार ते शुक्रवार पहाटेपासून हा माणूस माळ्यावर, एक पाखरू टेकू देणार नाही. शनिवार उजाडला, पहिली गाडी फाटकातून आत आली की खाली उतरणार. मग दोन दिवस पाखरांची चैन. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. तव्यावर भाकरी आणि तिकडे काळा थवा पट्ट्यावर पसरलेला. माझ्या जिवाची नुसती तगमग. ज्वारीवर पाखरू बसलेलं बघून घरात बसून राहायची मला सवय नाही. मी मागच्या दारात येऊन म्हणायची, "भाऊजी, पाखरं खाताहेत." ते म्हणायचे, "खाऊ देत." "अहो, तुमचाच पट्टा तो." "म्हणूनच." जाऊने पाटीवरचं गोफणीचं पुसून टाकलं. तरी ऐकेनात. म्हणाले, "पाटीवर नसलं म्हणून काय झालं, बघणार तर आहेतच." मी म्हटलं, "बघितल्याने काय होतं?" तर मलाच विचारतात, "तुमच्या गोवऱ्यांचं काय झालं होतं?" जाऊ पातेलं आपटून म्हणाली, "ताई, ह्या माणसाला कुणी बघितलं तर चालत नाही आणि कुणी शेतकरी म्हटलं नाही तर झोप लागत नाही. मी करू तरी काय?" ती गेल्या कितीतरी वर्षांत इतकं खरं कधी बोलली नसेल. पट्टा एका बाजूने विरळ होत चालला. कणसांच्या नुसत्या काड्या दिसू लागल्या.

हंगामाचा शेवटचा रविवार होता. पट्टा जवळजवळ पिकला होता, अजून थोडं ऊन खाल्लं की कापायचा. त्या दिवशी गर्दीही सगळ्यांत जास्त. दुपार कलल्यावर ओढ्याकडून थवा आला तो एवढा की आभाळाचा एक कोपरा काळा झाला. आधी झाडांवर बसला आणि मग सगळाच्या सगळा पट्ट्यावर उतरला. पाहुणे हातातला हुरडा खाता खाता उठून बघायला लागले. फोन बाहेर निघाले. भाऊजी आगटीशी उभे होते, हातात कणसांची पेंडी. मी खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, आता गेला पट्टा, हा बाबा काही हलायचा नाही.

त्यांनी पेंडी खाली ठेवली. एकदा लोकांकडे बघितलं, एकदा पट्ट्याकडे. मग चालायला लागले, आणि मधेच पळायला लागले. त्या वयात, त्या जड बुटांनी, ढेकळांतून. माळ्यावर चढले आणि गोफण सुटली. पहिला गोळा, थवा फडफडला. दुसरा. आरोळी अशी दिली की स्वयंपाकघरात जाऊच्या हातातला डाव थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी मारली. "काका, वन्स मोअर," म्हणून मुलं ओरडली. थवा उठायचा, ओढ्यावर एक फेरी मारायचा, परत यायचा. भाऊजी लोकांकडे पाठ करून उभे होते ते वळले नाहीत. पंधरा मिनिटांनी मुलांना कंटाळा आला. मग मोठ्यांनाही आला. पाखरं हाकणं ही काही फार वेळ बघण्यासारखी गोष्ट नाही. तेच तेच असतं. लोक परत आगटीकडे वळले, मग चहाकडे, मग गाड्यांकडे. जाऊ फाटकाशी उभी राहून सगळ्यांना निरोप देत होती आणि काका कुठे म्हणून कुणी विचारलंही नाही.

पुढे तो पट्टा निघाला. अर्धाअधिक पाखरांनी नेला होता, पण निघाला. शेडमध्ये ताडपत्री घालून भाऊजींनी आणि मी काठीने कणसं झोडपली, घरच्या चक्कीवर थोडं पीठ काढलं. भाकरी चांगली झाली, नव्या ज्वारीची होते तशी. भाऊजी जेवले आणि उठले. त्यांनी त्यावर भाषण केलं नाही. यंदा जाऊने आणखी शनिवार वाढवलेत, शेजारच्याने भोपळे वाढवलेत, आणि भाऊजी आजही मंडळात कुणी हुरडेवाले म्हटलं की द्रोण हातात धरून नांगरणीपासून सुरू करतात. काही सुधारलेलं नाही.

पण मला आठवते ती त्या रविवारची संध्याकाळ. शेवटची गाडी गेली होती, धूळ खाली बसली होती. जाऊ म्हणाली, "ताई, त्यांना हाक मारा, जेवून घेऊ देत. सकाळपासून पोटात काही नाही." मी दारापर्यंत गेले आणि थांबले. आमच्याकडे राखणीवरच्या माणसाला जेवायला घरी बोलवत नाहीत. पाखरं झाडावर परतेपर्यंत तो खाली उतरत नाही. त्याची भाकरी त्याच्याकडे न्यायची असते. यजमान गेल्यापासून इतकी वर्षं मी कुणाची भाकरी शेतात नेली नव्हती. मी फडक्यात दोन भाकरी बांधल्या, वर पिठलं आणि मिरचीचा ठेचा, आणि ढेकळांतून निघाले.

माळ्याखाली जाऊन उभी राहिले. ते अजून ओढ्याकडेच बघत होते. दोन-चार चुकार पाखरं घिरट्या घालत होती.

"भाकरी आणलीय," मी म्हटलं.

"ठेवा तिथे, वहिनी. एवढी गेली की उतरतो." घसा पार बसला होता. थोड्या वेळाने मागे न बघताच त्यांनी विचारलं, "लोक बघताहेत का अजून?"

मी मागे वळून बघितलं. आवार रिकामं होतं. आगटीतून थोडा धूर येत होता आणि जाऊ खुर्च्या एकात एक घालत होती.

"गेले," मी म्हटलं. "मघाशीच गेले."

"कधी?" ते म्हणाले. "कळलंच नाही."

मी भाकरी माळ्याच्या फळीवर ठेवली, त्यावर फडकं नीट झाकलं आणि ते उतरेपर्यंत तिथेच बांधावर बसून राहिले.